जामीन राहिलेला माणूस

आमच्या सीमाभागात एखाद्याची पत जाणून घ्यायची असेल तर तो आजवर कुणाकुणाला जामीन राहिला, हे विचारतात. कर्ज काय, अडचण आली की कुणीही काढतं. दुसऱ्याच्या रोख्यावर सही करायची वेळ आली की मात्र भल्याभल्यांना नेमकं त्याच दिवशी परगावी काम निघतं. १९८० साली माझ्या रोख्यावर एका शेतकऱ्यानं सही केली. ना नात्याचा, ना जातीचा, ना भाषेचा. पुढं मी शेतकी पदवीधर झालो, बीदर जिल्ह्यात बँकेची नोकरी केली, उतारवयाकडं झुकताना टांझानियात शेतीतल्या गुंतवणुकीचे आराखडे करायला गेलो. या सगळ्याखाली ती सही आहे. कर्ज मी कधीच फेडलं. त्या माणसाचं देणं मात्र अजून मांडूनही झालेलं नाही, म्हणून हा लेख.

आमचं गाव कलबुर्गी, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा, जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात, उमरग्याच्या शिवेला लागून. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडं राहिले. गुलबर्गा जिल्ह्याबरोबर आमचं आळंदही तिकडंच. आमच्या घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि आजोबांच्या ट्रंकेतले जमिनीचे कागद उर्दूत. सोयरीक उमरगा-निलंग्याची, बाजार आळंदचा. मामाकडं सातबारा, आमच्याकडं पहाणी. एरवी यानं कुणाचं काही अडत नव्हतं. माझ्या कर्जाच्या वेळी अडलं.

दादांनी, म्हणजे वडिलांनी, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी विहिरीसाठी कर्ज काढलं होतं. खाली काळा पाषाण लागला, पाणी लागलं नाही. कर्ज थकलं आणि दादांचं नाव थकबाकीदारांच्या यादीत गेलं ते बरीच वर्षं तिथंच राहिलं. मला धारवाडच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा फी आणि वसतिगृहासाठी बँकेचं कर्ज काढायचं ठरलं. थकबाकीदाराच्या मुलाला जामीनदार तगडा पाहिजे होता. मामा आनंदानं आले, पण त्यांची जमीन महाराष्ट्रातली. मॅनेजरनं सातबारा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला. दुसऱ्या राज्यातली जमीन तारण धरता येणार नव्हती. गावातल्या ज्यांना विचारलं त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं.

आप्पा शेजारच्या गावचे. घरचे कन्नड, लिंगायत, कोरडवाहू शेती, तूर आणि शाळू. दादांची आणि त्यांची ओळख बैलबाजारातली. एकदा दादांनी बैलाची खोड न लपवता सांगितली होती, एवढ्यावरच ती टिकली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बाजारात कानावर आलं म्हणून ते मंगळवारी थेट बँकेत येऊन बसले. मॅनेजरनं रोखा पुढं सरकवला, सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. आप्पांनी पेन उचललं नाही.

"साहेब, पोरानं बुडवलं तर माझं काय काय जाईल तेवढं वाचून दाखवा."

दादांची मान खाली गेली. मॅनेजरही जरा चपापला, पण त्यानं वाचलं. मुद्दल, व्याज, दंडव्याज, वसुलीचा खर्च, जमिनीवर बोजा. आप्पा डोळे मिटून ऐकत होते, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. मग दादांकडं वळून म्हणाले, "दीड एकर जाईल. ओढ्याकडचं. तेवढं गेलं तरी घर उभं राहतंय." आणि सही केली. कानडीत, ठसठशीत, रेघेच्या जरा वर.

बाहेर आल्यावर मी पाया पडलो तर म्हणाले, "तम्मा, मी उपकार करायलो नाही. हिशोब करून सही केलोय. तू पण हिशोबानं शीक."

तेव्हा मला ते बोलणं कोरडं वाटलं होतं. विश्वास दाखवावा, पाठीवर हात ठेवावा, असं काहीतरी हवं होतं. बँकेत खुर्चीपलीकडं बसायला लागलो, शेकडो रोखे हातांखालून गेले, तेव्हा उमगलं की न वाचता सही करणारे जामीनदार पुष्कळ असतात आणि नोटीस आली की तेच आधी ओरडतात. बुडालं तर आपलं काय जाईल हे मोजून, तेवढं जाऊ द्यायची तयारी ठेवून सही करणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

सुट्टीत गावी आलो की मी त्यांच्याकडं जायचो. धारवाडात शिकलेलं सांगायचो, ते ऐकून घ्यायचे. त्या काळात आमच्या पट्ट्यात तुरीला मर रोगानं गांजलं होतं. हिरवंगार झाड फुलोऱ्यात येता येता माना टाकायचं. बुंधा चिरून पाहिला की आत काळी रेघ. बुरशी जमिनीतच राहते, त्यामुळं फवारणीचा उपयोग नाही. जे झाड तिला दाद देत नाही असं बीच शोधावं लागतं. ते शोधायचं काम आमच्याच रस्त्यावर चाललं होतं. मुंबई-हैदराबाद हमरस्ता हुमनाबाद, जहिराबाद करत पुढं जातो आणि हैदराबादच्या अलीकडं पाटणचेरूला १९७२ मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली. तिथं महाराष्ट्रातल्याच एका गावरान तुरीतून निवडत निवडत मर रोगाला दाद न देणारा वाण निघाला. आयसीपी ८८६३ हा त्याचा नंबर. १९८६ साली कर्नाटकात तो 'मारुती' नावानं आला आणि काही वर्षांत उत्तर कर्नाटकाच्या तुरीच्या शिवारांत सगळीकडं दिसू लागला.

मी मोठ्या उत्साहानं आप्पांना त्याचं बी आणून दिलं. त्यांनी ते चार तासांवर पेरलं. फक्त चार. बाकी सगळं रान जुन्या बियाण्याचं. मी हिरमुसलो. ते म्हणाले, "चार तास मेले तर पाहुण्यांना वरण कमी वाढू. सगळं रान मेलं तर पाहुणेच येणार नाहीत." दुसऱ्या वर्षी दोन एकर, तिसऱ्या वर्षी सगळं. संशोधनाची पुस्तकं ज्याला प्रसार म्हणतात तो प्रत्यक्षात असा, एकेका घरच्या सोसण्याच्या बेतानं होतो. ही गोष्ट मला त्या चार तासांनी शिकवली.

१९९७ चा हिवाळा आला तेव्हा मी बीदर जिल्ह्यात होतो. भालकी, औराद, बसवकल्याणच्या खेड्यांतून कर्जाच्या फायली घेऊन फिरायचो. त्या वर्षी अवेळी पाऊस आणि ढगाळ हवा यांनी शेंगा पोखरणारी अळी अशी बोकाळली की शेतात उभं राहिलं तर करकर आवाज येई. औषधाची दुकानं उधारीवर डबे देत होती. दुकानदारच औषध सुचवणार, दुकानदारच उधार देणार, आणि माल आला की व्याज तोच लावणार. एका औषधानं अळी मरेना म्हणून दुसरं, दुसऱ्यानं मरेना म्हणून दोन्ही मिसळून तिसरं. तूर हातची गेली आणि उधारी राहिली. पुढं काही महिने बीदर जिल्ह्यातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत राहिल्या. कर्नाटकात या विषयाची मोठी चर्चा पहिल्यांदा झाली ती आमच्या या कोपऱ्यावरून.

त्याच हिवाळ्यात एका रविवारी मी आप्पांच्या रानात गेलो. सकाळची वेळ, तूर कंबरेच्या वर. दोन बायका तुरीच्या दोन ओळींमधून एक जुनं तळवट दोन्ही टोकांना धरून पुढं सरकवत होत्या. त्यांच्या मागं आप्पा आणि त्यांचा मुलगा. झाड हळूच तळवटावर वाकवायचं, बुंध्याला धरून दोन-तीन झटके द्यायचे, सोडायचं, पुढच्या झाडाकडं जायचं. झटका जोरात दिला तर फुलं गळतात, हळू दिला तर अळी सुटत नाही. मनगटाला ते माप बसलेलं असावं लागतं. तळवटावर अळ्यांचा सडा. हिरव्या, तपकिरी, काही करड्या पट्ट्यांच्या, अंग मुडपून पडलेल्या. ओळ संपली की तळवट गोळा करून बांधावर झटकायचं. तिथं घरच्या कोंबड्या आधीच येऊन थांबलेल्या. दुपारपर्यंत कोंबड्यांनीही नाद सोडला, इतक्या अळ्या निघाल्या.

ही जुनी रीत. औषधं आल्यावर लोक विसरले होते. पुढं इक्रिसॅटच्या लोकांनीही हीच पद्धत एकात्मिक कीड नियंत्रणात धरली, तिच्यावर लिहिलं, गावोगाव दाखवली. आप्पांना त्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं. मी विचारलं, औषध का नाही घेतलं? म्हणाले, "रोख घेण्याएवढे पैसे नाहीत. उधार घेतलो तर अळीच्या जोडीला दुकानदार पण शेंगा खायला बसतोय." त्या वर्षी त्यांची तूर अर्धीच पिकली. पण ती अर्धी त्यांची होती.

नंतर विकासाच्या नियोजनाशी माझा संबंध वाढला. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीनं २००२ मध्ये राज्यातल्या प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, त्यात आमच्या गुलबर्गा विभागातले बरेचसे तालुके अतिमागास ठरले. २०१२ च्या अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनं ३७१ (जे) कलम आलं, या भागासाठी वेगळं मंडळ, वेगळा निधी, नोकऱ्या-शिक्षणात राखीव जागा. २०१९ मध्ये हैदराबाद कर्नाटकाचं कल्याण कर्नाटक झालं आणि त्याच वर्षी गुलबर्ग्याच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं. या कामांच्या कितीतरी बैठकांना मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो आहे. बैठकीत आकडे मोठे असत, भाषा चांगली असे. आणि मला हटकून मॅनेजरपुढं बसलेले आप्पा दिसत. बुडालं तर कुणाचं काय जाईल, हे तेवढं कुणी वाचून दाखवत नसे.

हा प्रश्न घेऊनच मी मध्यंतरी टांझानियात उतरलो. साल २०११. दार-ए-सलाममध्ये तेव्हा गुंतवणुकीची हवा होती. 'किलिमो क्वांझा', म्हणजे शेती आधी, अशी घोषणा सरकारनं २००९ मध्ये दिली होती. पाठोपाठ २०१० मध्ये दक्षिणेकडच्या कृषी विकास पट्ट्याची योजना आली: बंदरापासून झांबियाच्या सीमेपर्यंत रस्ता आणि रेल्वे, त्याच्या दोन्ही अंगांनी मोठ्या कंपन्यांचे मळे आणि मळ्यांभोवती लहान शेतकरी. २०३० पर्यंत साडेतीन लाख हेक्टर व्यापारी शेतीखाली आणायची. माझं काम त्या पट्ट्याच्या बाहेर, अगदी दक्षिणेला म्ट्वारा आणि नाचिंग्वेया भागात, कडधान्यांचं. तिथं मका आणि कसाव्याबरोबर तूर पिकते, आणि ती जवळजवळ सगळी भारतात येते.

नाचिंग्वेयाला गेल्यावर पहिली गोष्ट कानावर आली ती भुईमुगाची. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला खाद्यतेलाची चणचण होती. १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारनं टांगानिकात बत्तीस लाख एकरांवर यंत्रानं भुईमूग लावायची योजना हाती घेतली. मुख्य जागा कोंग्वा; नाचिंग्वेया दुसरी, आणि तिच्यासाठी म्ट्वाराला खोल पाण्याचं बंदर आणि तिथून आत रेल्वे. लढाईतले रणगाडे कापून ट्रॅक्टर बनवले. कोंग्वाची माती पावसाळ्यात ठीक, पण वाळली की दगडासारखी. फाळ झिजून गेले, तयार शेंगा जमिनीतून निघेनात. पावसानंही दगा दिला. जानेवारी १९५१ मध्ये योजना गुंडाळली. साडेतीन कोटी पौंडांहून जास्त रक्कम ब्रिटिश करदात्यांच्या खात्यावर बुडीत पडली. पुढं रेल्वेचे रूळही उखडले गेले. बंदर तेवढं राहिलं.

सुट्टीवर आल्यावर मी ही हकिकत आप्पांना सांगितली. रणगाड्यांचं ऐकून ते ठसका लागेपर्यंत हसले. मग विचारलं, "माती कुणी बघितली होती?" मी सांगितलं, साहेब लोकांनी काही आठवडे विमानानं फिरून पाहणी केली होती. "वरून?" एवढंच म्हणाले. बंगळूरच्या करुतुरी कंपनीनं इथिओपियातल्या गंबेलात एक लाख हेक्टर जमीन भाडेपट्ट्यानं घेतली आणि २०११ मध्ये बारो नदीच्या पुरात तिचा मका गेला, हेही मी सांगितलं. त्यावर त्यांचा प्रश्न वेगळाच होता: "कंपनीचं गेलं ते गेलं. तिथं आधी जे कसत होते, ते कुठं गेले?" मोठमोठ्या परिसंवादांत मी जे प्रश्न ऐकले त्यांत याच्याइतका नेमका प्रश्न थोडाच निघाला.

टांझानियातलं माझं दुसरं देणं एका बाईंचं. नाचिंग्वेयाकडच्या एका गावातल्या शेतकरी सहकारी सोसायटीच्या त्या सचिव. शिक्षण शाळेपुरतं, आवाज भारदस्त, हिशोब चोख. गुंतवणुकीच्या आराखड्यासाठी मला गावातल्या तुरीचा खरा आकडा हवा होता आणि सरकारी आकड्यांवर सरकारी माणसांचाही विश्वास नव्हता. बाईंनी कपाटातून वह्या काढल्या. कुणी किती पेरलं, किती आलं, घरी किती ठेवलं, कुणाला कोणत्या भावानं विकलं. बाजूला पेन्सिलीनं खुणा. खुणा कसल्या म्हणून विचारलं तर म्हणाल्या, गावात फिरणारा व्यापारी पोत्याच्या तोंडाला वर आणखी एक पोतं शिवतो, तेही शिगोशीग भरून घेतो आणि पैसे एकाच पोत्याचे देतो. ज्यांचा माल असा गेला त्यांच्या नावापुढं खूण. मला आळंदचा अडतबाजार आठवला. हमाली, तोलाई वजा झाल्यावर पोत्यामागं कडता धरणारा अडत्या आठवला. काजूसाठी तिथं २००७ पासून गोदामपावतीची पद्धत होती, माल सोसायटीच्या गोदामात आणि लिलाव उघड्यावर. तूर मात्र अंगणातूनच जायची.

त्या वह्या बाईंनी मला महिनाभर वापरू दिल्या. कशाच्या भरवशावर? मी परका, माझ्या अहवालाचं पुढं काय होणार हे मलाही ठाऊक नव्हतं. नावं उघड झाली असती तर व्यापाऱ्यांचा रोष त्यांनाच झेलावा लागला असता. देताना त्यांनी ते बोलूनही दाखवलं, आणि मग वह्या दिल्या. माझ्या नावावर जे दोन-चार अहवाल आज लोक वाचतात, त्यांतला कणा त्या वह्यांचा आहे.

त्यांच्याकडूनच मला तुरीचं वेळापत्रक नीट कळलं. आपल्याकडं तूर मृगात पेरतात आणि ती डिसेंबर-जानेवारीत येते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला पाऊस सुरू होतो नोव्हेंबर-डिसेंबरात, तूर निघते जुलै ते सप्टेंबर. म्हणजे आपल्या कणग्या रिकाम्या होतात, दसरा-दिवाळी तोंडावर येते, नेमकी तेव्हा त्यांची तूर मुंबई-चेन्नईच्या बंदरात लागते. निसर्गानंच अशी पाळी लावून दिली आहे. नीट बसवलं तर दोघांचं चालावं.

बसलं नाही. २०१५ च्या दिवाळीला तूरडाळ दोनशे रुपये किलोला भिडली. देशभर ओरड झाली. जुलै २०१६ मध्ये भारतानं मोझांबिकशी करार केला: पहिल्या वर्षी एक लाख टन तूर घेऊ, वाढवत वाढवत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन. बातमी सगळ्या पूर्व आफ्रिकेत गेली. टांझानियाशी असा करार नव्हता, पण भारताला तूर पाहिजे हे तिथल्या खेड्यांतही पोहोचलं. इकडं आमच्या लोकांनी चढा भाव पाहून मिळेल त्या रानात तूर लावली. देशाचं उत्पादन २०१५-१६ मध्ये साडेपंचवीस लाख टनांच्या आसपास होतं, ते २०१६-१७ मध्ये साडेअठ्ठेचाळीस लाखांच्या पुढं गेलं. हमीभाव बोनससह क्विंटलला ५०५० रुपये. बाजारात त्याच्या खूप खाली सौदे. खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरांच्या रांगा, बारदाना संपलेला, चाळणीत माल नापास. आप्पांचा मुलगा ट्रॉलीखाली अंथरूण टाकून रात्री काढत होता.

मग ५ ऑगस्ट २०१७ ला केंद्र सरकारनं तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकचा करार त्यातून वगळला. टांझानियाला करार नव्हता, त्यामुळं आडोसाही नव्हता. ऑगस्ट म्हणजे तिथं ऐन सुगी. सचिव बाईंचा निरोप आला तो तक्रारीचाही नव्हता, चौकशीचा होता: दार किती दिवसांसाठी लावलंय? माल ठेवायचा की टाकायचा? माझ्याकडं उत्तर नव्हतं, दिल्लीतही ते कुणी देईना. पुढं कळलं की व्यापारी गावात फिरकलेच नाहीत; आले त्यांनी देतील तो भाव. कुणी तूर झाडावरच सोडली.

त्या वर्षीच्या येळवसेच्या सणाला मी आप्पांच्या रानात होतो. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, ओल्या तुरीच्या दाण्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. जेवणं झाल्यावर मी त्यांना तिकडची हकिकत सांगितली. थोर मनाचं काहीतरी ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असेल तर ती इथं सोडावी.

"आमचा भाव पडला तेव्हा तिकडून कुणी विचारलं काय?" आप्पा म्हणाले. मुलगा तर उसळलाच. बाहेरची तूर येते म्हणूनच आमची मातीमोल होते, दार लावलं ते चांगलंच केलं, हे त्याचं म्हणणं. आणि ट्रॉलीखाली रात्री काढलेल्या माणसाला ते म्हणायचा हक्क होता. मी गप्प बसलो.

थोड्या वेळानं आप्पांनी विचारलं, "त्यांची तूर कधी निघते?"

मी महिने सांगितले. त्यांनी बोटांची पेरं मोजली. "मग ती आमच्या आधी तीन-चार महिने येते. तेव्हा आमच्या घरात विकायला काय असतंय? काही नाही. मग ती आमची तूर कशी पाडती? ती कोण दाबून ठेवतो आणि आमचा माल आला की बाहेर काढतो, तो पाडतोय." मुलगा म्हणाला, पण सरकारनं घ्यायला पाहिजे ना. आप्पा म्हणाले, "सरकार भाव चढला की बोलावतंय, पडला की दार लावतंय. दोन्ही वेळेला कागदावर सही कुणाची नाही. आमच्यासाठी नाही, त्या बाईसाठी पण नाही."

शेताच्या बांधावर बसून केलेलं हे विश्लेषण पुरतं बरोबर आहे असं अर्थतज्ज्ञ म्हणणार नाहीत. पीक अंगणात यायच्या आधीच सौदे होतात, पुढच्या आवकेच्या अंदाजानं भाव आजच हलतो, हे मलाही ठाऊक आहे. पण नियोजनाचा जो दोष मला वर्षानुवर्षं शब्दांत पकडता येत नव्हता तो त्यांनी पकडला. कोंग्वाच्या योजनेचं नुकसान निदान ब्रिटिश तिजोरीनं सोसलं, कारण पैसा तिचाच होता. तुरीत तसं नाही. पेरा वाढवा असं सांगणारा एक, पेरणारा दुसरा, आणि बुडालं की भरणारा नेहमी पेरणाराच. औरादचा असो की नाचिंग्वेयाचा.

पुढं दार पुन्हा उघडलं. मे २०२१ पासून तुरीची आयात खुली झाली. त्याच वर्षी मोझांबिकचा करार पाच वर्षांसाठी वाढला आणि मालावीशी वर्षाला पन्नास हजार टनांचा नवा करार झाला. टांझानियातही तूर अंगणातून उठून गोदामात आणि लिलावात यायला लागली आहे. सचिव बाईंनी कळवलं की लिलावात भाव सगळ्यांसमोर बोलला जातो, ते बरं आहे. तरी त्यांच्या गावात लोक आता तूर बेतानंच लावतात, गेली तर घर उभं राहील एवढीच. आप्पांचं त्यांच्या कानावर कधी काही गेलेलं नाही.

या दोघांचं मी काय देणं लागतो, याचा विचार मी पुष्कळ केला. आप्पांना पैसे देऊ केले असते तर त्यांनी बँकेची पावती दाखव म्हटलं असतं. कर्ज फिटल्याची पावती मी त्यांना कधीच दाखवली आहे. बाईंना अहवालात श्रेय द्यायचं तर त्यांनीच नाव घालू नका म्हणून सांगितलं. मग मला जे येतं तेच करायचं ठरवलं. गुंतवणुकीचा कोणताही आराखडा माझ्या हातून गेला, तर त्यातल्या तक्त्यात मी एक रकाना वाढवतो. क्षेत्र, उत्पन्न, खर्च, नफा यांच्या शेवटी: योजना फसली तर नुकसान कोण भरणार, किती, आणि त्याला ते वाचून दाखवलं आहे का. वरिष्ठांना तो आवडत नाही. गुंतवणूकदार बिचकतात, मंत्री विचारतात हे कशाला, एका तज्ज्ञानं तर हे नकारात्मक आहे असा शेरा मारला. पुष्कळदा तो रकाना छपाईच्या आधी गळतो. पुढच्या आराखड्यात मी तो पुन्हा घालतो.